नाण्याएवढी फट

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी शीळफाट्याला, पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर, दोन कटिंग सांगून उभा होतो. दत्ता खानविलकर वेळेचा पक्का. डोंबिवलीहून निघून तो नेहमी माझ्या आधी हजर असायचा आणि मी पोचलो की घड्याळाकडे न बघताच म्हणायचा, "या इन्स्पेक्टर, आज पण लेट!" त्या दिवशी सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले, तरी त्याचा पत्ता नाही. दुसरा ग्लास निवत चालला तेव्हा मी चिडून तोही पिऊन टाकला. मग फोन वाजला. दत्ताच्या मुलीचा, मेघाचा. "काका, तुम्ही फाट्यावर थांबला असाल ना... बाबांना आत्ताच अ‍ॅडमिट केलंय. बूट घालायला बसले आणि एकदम... बोलताच येत नाहीये त्यांना." यावर मी काय बोललो ते मला लिहायलाच हवं, कारण इतके आठवडे झाले तरी ते वाक्य माझा पिच्छा सोडत नाही. मी म्हणालो, "मग गाडी कुठाय?"

ही गाडी म्हणजे आमच्या दोघांची मोटरसायकल. कोलशेतच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर नोकरीला होतो, दत्ता मेन्टेनन्समध्ये फिटर आणि मी इन्स्पेक्शनला. तो यंत्रं चालती ठेवायचा आणि मी त्यातून निघालेल्या मालात खोट काढायचो, म्हणजे खरं तर आमचं जन्माचं वैर असायला हवं होतं. पण झाली ती दोस्ती, आणि त्या दोस्तीत दोघांनी मिळून एक जुनी, चार गिअरची मोटरसायकल घेतली. पुढे कारखान्याला टाळं लागलं. तो डोंबिवलीला एमआयडीसीत लागला, मी ठाण्यातच दुसरीकडे. गाडी विकायची का, असा विषय एकदाच निघाला. दत्ता म्हणाला, "विकली तर आपण भेटणार कशाला रे लेल्या? लग्नाला नि मयताला?" तेव्हापासून एक महिना गाडी त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शीळफाट्याला अदलाबदल, असं ठरून गेलं. शीळफाटा दोघांनाही सारखाच गैरसोयीचा, म्हणून न्याय्य. ज्याच्याकडे गाडी असेल त्याने ती घेऊन यायचं आणि बसने परत जायचं. मुलांची शिक्षणं झाली, दोघंही रिटायर झालो, फाट्यावर धुळीत नवे पूल उभे राहिले, पण आमचा रविवार चुकला नाही. माझी बायको म्हणायची, "इतकं नेमाने तर तुम्ही देवळातसुद्धा जात नाही." ते खरंच होतं.

या अदलाबदलीला दत्ताने एक नियम लावून दिलेला. गाडी देताना तिच्यात आपण काय केलंय ते सांगायचं नाही. ज्याने घेतली त्याने महिनाभर चालवून ओळखायचं, आणि पुढच्या रविवारी सांगायचं. ओळखलं तर शाबासकी, नाही ओळखलं तर त्याने गाडी धुवायची. दत्ताचं म्हणणं असं, की सांगितलेलं दुखणं कुणीही बरं करील, न सांगितलेलं ओळखता आलं पाहिजे. कारखान्यात तो मोठ्या पेचकसाचं टोक यंत्राच्या अंगाला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचा की आतलं कुठलं बेअरिंग जाणार आहे. मी मोजमापाचा माणूस. मला पुस्तकात लिहिलेला आकडा लागतो, गेज लागतो. गाडी हातात आली की मी आधी टूल-बॉक्स उघडून पाने मोजायचो. तो हसायचा. "मोज बाबा मोज. एखादा पाना मी पोह्यात घालून खाल्ला असेल."

या खेळात मी जास्त वेळा गाडी धुतलेली आहे, हे कबूल करतो. एकदा त्याने दिलेली गाडी उभ्या-उभ्या आपोआप रेस वाढवायची आणि मग धापा टाकत बंद पडायची. मी पुस्तक उघडून बसलो. कार्बोरेटर खोलला, जेट धुतलं, प्लग बदलला, महिनाभर आपलं घोडं दामटत राहिलो. रविवारी दत्ताने खिशातला रुमाल चहावाल्याच्या पिंपात बुडवून पिळला, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरी नळीभोवती गुंडाळला आणि डाव्या हाताने ती गच्च आवळून धरली. गाडी क्षणात शहाण्यासारखी चालायला लागली. "चीर पडलीये रबराला. चोरून हवा पितेय बया," तो म्हणाला, "तू तिचं पोट साफ करत बसलास." त्याचा तो डावा हात मला अजून दिसतो... आखूड बोटांचा, नखांत काळं भरलेला, आणि पकड अशी, की नळीतला आवाजच थांबला. मला तेव्हा त्याचा राग आला होता. असा राग, की ज्याच्याशिवाय मला करमलंही नसतं.

आमचं कायमचं भांडण मात्र एकाच स्क्रूवरून होतं. गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने चालावं हे ठरवणारा, कार्बोरेटरच्या कुशीतला तो छोटासा स्क्रू. मला सिग्नलला गाडी बंद पडण्याची भीती, मागचे हॉर्न मारतात आणि माझी लाज जाते. म्हणून मी रेस वाढवून ठेवायचो. दत्ताला ती हळू लागायची, इतकी हळू की दोन ठोक्यांमध्ये माणसाला वाटावं, गेली आता. आणि ती जायची नाही. "गाडीला उभं राहून विचार करू दे जरा, तिला काय सारखी धाप लावतोस!" असं तो म्हणायचा. मी वाढवायचो, तो कमी करायचा, पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. यात सांगण्या-ओळखण्यासारखं काही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना पत्र लिहिलं नाही, पण तो स्क्रू काही कमी फिरला नाही.

आता यंदाचं सांगतो. फेब्रुवारीत त्याने मला गाडी दिली ती क्लच पार घट्ट करून. क्लचच्या लिव्हरला थोडा मोकळा खेळ लागतो. लिव्हरच्या मुळाशी एक नाणं बसेल एवढी फट असावी, हा सर्वमान्य नियम. इथे फट नावालाही नव्हती. लिव्हर जरा दाबला की क्लच सुटायचा, आणि सोडला तरी पुरता धरायचा नाही. मुंब्रा बायपासच्या चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही, वर जळका वास. दत्तासारखा फिटर क्लचच्या प्लेटा जाळतो म्हणजे काय! मी नाणं लावून फट बरोबर केली आणि मार्चच्या रविवारी विजयी मुद्रेने सांगितलं, "क्लच घट्ट केलेलास. ही तुझ्यासारख्याची चूक नाही दत्ता, ही नवशिक्याची." तो चहाच्या ग्लासात बघत म्हणाला, "ओळखलंस. शाबास." एवढंच. क्लच का घट्ट केला, हे मी विचारलं नाही. आमच्या खेळात 'काय' ओळखायचं असायचं, 'का' कधी नव्हतंच.

एप्रिलमध्ये गाडी परत माझ्याकडे आली. क्लच मी लावला तसाच, नाण्याएवढा, पण रेस वाढवलेली! माझ्यापेक्षाही जास्त. मी घरी येऊन बायकोला हाक मारून खाली बोलावलं, "ऐक, ऐक, खानविलकर शरण आला!" महिनाभर मी त्या आनंदात फिरलो. मग मला उदार व्हावंसं वाटलं. जिंकलेल्या माणसाला येतो तसला उमाळा. मी बसून, कान लावून, आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक बाजूला ठेवून, तो स्क्रू दत्ताच्या ठोक्यावर आणला. अगदी त्याला हवा तसा, हळू. भेट म्हणून.

मेच्या रविवारी मी त्याला गाडी दिली. ती आमची शेवटची भेट, म्हणजे तो बोलत असतानाची. किक मारून त्याने ऐकलं आणि डोळे मिटले. "अरे... हा तर माझा ठोका," तो म्हणाला. मी म्हटलं, "रेस वाढवलीस ते ओळखलंय मी. म्हटलं, म्हाताऱ्याला त्याचं त्याला परत द्यावं." त्याने विचारलं, "आणि क्लच?" मी म्हटलं, "नाण्याएवढा. हात लावू नकोस त्याला." तो हसला. "नाही लावत." मग तो गाडीवर बसला, पहिला गिअर टाकला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा गिअर, पुन्हा गचका. मागे डंपरवाला हॉर्नवर बसला होता. आणि मी... मी टपरीवर टाळी वाजवून हसत होतो. "अरे दत्ता, विसरलास काय चालवायला!" तोही हसला. तिसऱ्यांदा त्याने इंजिन मोठ्याने ओरडवत गाडी कशीबशी काढली आणि मागे न बघता डोंबिवलीच्या बाजूला गेला. एरवी तो वळणावर हात करायचा, डावा. त्या दिवशी केला नाही, हेही मला आता आठवतं.

हॉस्पिटलात तो तीन दिवस होता. मेंदूत रक्ताची गाठ, डावी बाजू गेलेली. मी त्याच्या उशाशी उभा राहून काय बोलावं ते न सुचून, "पाने सगळे आहेत ना रे?" असं काहीतरी बोललो. त्याला ऐकू आलं की नाही, माहीत नाही. डॉक्टरांनी शुभांगीवहिनींना, मेघाला आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "आधी काही जाणवत होतं का? हाताची ताकद कमी होणं, वस्तू हातातून सुटणं? अशा छोट्या खुणा कधीकधी काही महिने आधी दिसतात." वहिनींनी मान हलवली. मेघा म्हणाली, "नाही, बाबा एकदम फिट होते." मीही म्हणालो, "छे, काहीच नाही. गाडी चालवत होता की तो!" तिसऱ्या दिवशी दुपारी दत्ता गेला.

तेराव्यानंतर वहिनींचा निरोप आला, गाडी घेऊन जा. मी डोंबिवलीला गेलो. त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती पुसून, स्टँडवर उभी होती. त्या दिवशी मी पाने मोजले नाहीत, मनच झालं नाही. किक मारली आणि तो हळू ठोका सुरू झाला तसे जिन्यात उभ्या असलेल्या वहिनी पायऱ्या उतरून खाली आल्या. "रोज सकाळी सव्वासातला हाच आवाज यायचा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "शेवटचा महिनाभर गाडी बाहेर काढलीच नाही त्यांनी. खाली यायचे, चालू करायचे आणि नुसते बसून राहायचे. मी विचारलं तर म्हणाले, लेल्याने झकास लावून दिलीये, ऐकत बसतो." मला ते ऐकून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि त्याच समाधानात मी निघालो.

कल्याण-शीळ रस्त्यावर काटई नाक्याला सिग्नल लागला. क्लच दाबून, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून मी उभा होतो. इंजिन दत्ताच्या ठोक्यावर चाललेलं, क्लच नाण्याएवढा, काही म्हणता काही बदललेलं नाही. मी सवयीने विचार करत होतो, यावेळी याने काय केलंय? काहीच नाही. मग त्याआधी? रेस वाढवली. त्याआधी? क्लच घट्ट केला. इन्स्पेक्शनमध्ये आम्ही दोन दोष निघाले की ते शेजारी-शेजारी ठेवून बघायचो, दोन्हींचं मूळ एक आहे का म्हणून. इतक्या महिन्यांत मी त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याच नव्हत्या. क्लच घट्ट कुणाला लागतो? ज्याला लिव्हर पुरता दाबता येत नाही त्याला. मी फट बरोबर केल्यावर त्याचा क्लच अर्धाच सुटत असणार, गिअरमध्ये गाडी बंद पडत असणार, म्हणून त्याने रेस वाढवली. ती मी पुन्हा कमी केली. त्याचे दोन्ही आधार मी एकामागून एक काढून घेतले, आणि वर टाळी वाजवली. खात्री करायला मी डाव्या हाताची दोन बोटं लिव्हरवरून उचलली आणि उरलेल्या दोन बोटांची पकड थोडी सैल केली. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. अगदी मेच्या रविवारसारखी. मागचे हॉर्न मारत होते. मला आयुष्यात पहिल्यांदा त्याची लाज वाटली नाही, कारण मला काही ऐकूच येत नव्हतं.

गाडी वळवून मी परत डोंबिवलीला गेलो. हे वहिनींना सांगितल्याशिवाय मला ठाण्याला जाता आलं नसतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी सगळं सांगितलं, क्लच, रेस, सगळं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण 'डावा हात' एवढं कळलं.  मग म्हणाल्या, "मार्चपासून त्यांनी बटणांचे शर्ट सोडले होते. झब्बा घालायचे. मी म्हटलं, उन्हाळा आहे." मी म्हटलं, "वहिनी, मला कळायला हवं होतं." त्यावर त्या एकदम संतापल्या. "हो, हवंच होतं! मलाही हवं होतं, तुम्हालाही हवं होतं. दर महिन्याला एवढ्या लांब जाऊन तुम्ही दोघं बोलायचात तरी काय?" मेघाने त्यांना आत नेलं. मी तिथेच उभा होतो.  आम्ही गाडीबद्दल बोलायचो.

त्याने सांगितलं का नाही, याचा मी फार विचार केला. मेघाने गाडी बंद करायला लावली असती, हे एक. मी केलेली कीव त्याला सोसली नसती, हेही असेल. पण मला आतून वाटतं ते असं, की हात गेला म्हटल्यावर रविवार गेला असता. लग्नाला नि मयताला भेटणारे दोघं झालो असतो आम्ही. गाडी ठाण्याला, नौपाड्यातल्या माझ्या घरी आल्यापासून रोज सकाळी सव्वासातला मला खालून तो ठोका ऐकू येतो. गाडी बंद असते, किल्ली माझ्या उशाशी असते. पहिल्या दिवशी मी धावत खाली गेलो. आता जात नाही, पडून ऐकतो. बायको म्हणते, "भास आहे." असेल. भास असला तरी ठोका अचूक आहे, हे मी कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो.

जुलैचा पहिला रविवार आला तेव्हा मी गाडी काढली. घेणारा कुणी नव्हता, पण घरात बसवेना. निघण्यापूर्वी हाताला चाळा म्हणून टूल-बॉक्स उघडला आणि पाने मोजायला घेतले. पाने सगळे होते. त्यांच्यावर, अगदी पहिला हाताला लागेल असा, एक नारिंगी स्पंजचा चेंडू ठेवलेला होता. एका बाजूने चेपून चपटा झालेला, आणि त्यावर चार बोटांचे ग्रीसचे डाग. मी तो डाव्या हातात धरला. माझी बोटं लांब आहेत, त्या डागांवर बसली नाहीत. वहिनींना फोन केला, चेंडूचं त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे रोज सकाळी तो पार्किंगमध्ये गाडीवर बसून नुसता ऐकत नव्हता. क्लच दाबता यावा म्हणून हात कमावत होता, मी नाण्याएवढा करून दिलेला क्लच, ज्याला हात लावणार नाही असं तो म्हणाला होता. आणि चेंडू त्याने घरात नाही, टूल-बॉक्समध्ये ठेवला. जो त्या रविवारी माझ्या हातात येणार होता. जो मी सगळ्यात आधी उघडतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. विसरून राहिला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. दत्ता टूल-बॉक्समध्ये काही विसरणारा माणूस नव्हता.

त्या दिवशी तो बूट घालत होता ते मला सांगायला येण्यासाठी. त्याच्या पद्धतीने, न बोलता.

शीळफाट्यावर टपरीवाल्याने न विचारता दोन ग्लास ठेवले. मी गाडी चालू ठेवली, चेंडू सीटवर ठेवला. मला त्याची भयंकर आठवण येत होती, म्हणजे रडू यावं अशी, आणि ते आलंही. मग मी, रस्त्यावरचे लोक बघत असताना, मोठ्याने म्हणालो, "ओळखलं रे दत्ता. डावा हात." टपरीवाला म्हणाला, "काय साहेब?" मी म्हटलं, काही नाही. दोन्ही चहा प्यायलो आणि परत आलो.

वेळेवर ओळखलं नाही तर गाडी धुवायची, असा नियम आहे. घरी येऊन मी बादली, फडका घेतला आणि गाडी धुतली, टाकी, चाकं, इंजिनच्या फटींतला चिखलसुद्धा काढला. डावी मूठ तेवढी सोडली. तिच्यावर अजून काळं आहे.